दलदलीत बाण परत मिळत नाहीत

७ जानेवारी

आत्या,

नमस्कार मागाहून, आधी वाईट बातमी. रविवारी आमच्या टेबलावर मतदान झालं आणि तुझे बाण हरले.

झालं असं. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही मागच्या खोलीत बसलो होतो, चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांत. मी तुझं पत्र वाचून दाखवत होते. तुझी धनुर्धारी कुठून वाट काढणार, तू घरी टाकलेल्या फाशांवर काय काय पडलं, सगळं. मग आली तुझी सामानाची यादी. दोर तीस हात, तीन किलो. तेलाचा बुधला, दोन किलो. कुदळ, अडीच किलो. चौथ्या ओळीला दातवाल्याने कपाळ टेबलावर टेकलं.

मग त्याने भाषणच ठोकलं. "आपला खेळ म्हणजे काय? आपण मिळून एक गोष्ट रचतो. ही सांगते समोर काय उभं आहे. आपण सांगतो आपापला गडी काय करणार. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझा जादूगार आहे, टेलरबाईंची ढालवाली आहे, हिच्या आत्यांची धनुर्धारी आहे. चाळीस माणसं खाणीत अडकलीयत, त्यांना सोडवायचंय. यात कुदळीचं वजन आलं कुठून?"

मला वाटलं टेलरबाई तुझी बाजू घेतील. तर त्या म्हणाल्या, "मी सहा दिवस गळ्यात टेप घालून फिरते. रविवारी तरी माप नको गं बाई." झालं. इथून पुढे बाण संपणार नाहीत आणि पिशवीत काहीही मावेल, असा ठराव. मी खेळ चालवते म्हणून माझं मत धरत नाहीत.

तू चिडशील, माहीत आहे. पण एवढं सोड ना. खेळच आहे.

पडून मोडलेला खुबा कसा आहे? बाबांचा परवा फोन होता. ३१ मार्चची आठवण करून देत होते. तोवर सामानासकट तिन्ही मजले चढून दाखवलेस तर तू तुझ्या घरी, नाहीतर त्यांच्याकडे तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. टाळी देऊन पैज तूच लावलीस, आता मी मध्ये काय बोलू? जपून चढ.

तुझी,
भिंगरी

१३ जानेवारी

भिंगरे,

"खेळच आहे" म्हणे! मग कशाला खेळायचा? सांग त्या दातवाल्याला, उद्यापासून दात पण न मोजता उपट.

तुला माहीत आहे मी एकतीस वर्षं कुठे काढली. फायर ब्रिगेडच्या कोठीत. आग विझवायला मी कधी गेले नाही, पण जो गेला तो माझ्या हातातून सामान घेऊन गेला. पाठीला लावायची हवेची टाकी, वीस मिनिटांची. वीस म्हणजे वीस. एकदा एकाने "असेल भरलेली" म्हणत रॅकवरची टाकी उचलली, माझी सही न घेता. आत गेल्यावर चौथ्या मिनिटाला हवा संपली. दोघांनी पाय धरून बाहेर ओढला म्हणून आज नातवंडं खेळवतोय. त्या दिवसापासून माझ्या खोलीत "असेल" या शब्दाला बंदी.

आणि तुम्ही म्हणता बाण संपणारच नाहीत. अगं, मग ती धनुर्धारी कसली, तो तर उघडा राहिलेला नळ! वीसच बाण आहेत म्हणून तर सोडताना हात थांबतो. कुणावर सोडू, कुणाला जाऊ देऊ, कधी पळू, हे सगळं त्या विसामुळे सुचतं. मोजणी काढून टाका आणि बघा, दोन महिन्यांत तुम्हाला कंटाळा येतो की नाही. लिहून देते.

तुमचा ठराव तुम्हाला लखलाभ. माझी धनुर्धारी मोजूनच लढणार, तुमच्या नाकावर टिच्चून. नियम जुनेच. कोरड्या जमिनीवर सोडलेल्यातले निम्मे बाण परत मिळतात, पाण्यात गेलेले गेले. पिशवीत वीस किलो, त्यावर एक चमचाही नाही.

आता चाल. आपण दलदलीच्या काठावर आहोत आणि सुसरी तिघांच्या मागे लागल्यात. मी आठ बाण सोडते. फासे जेवायच्या टेबलावर, स्टीलच्या वाडग्यात टाकलेत. सोळा, नऊ, अठरा, चार, पंधरा, सतरा, वीस, चौदा. चार पडला तेव्हा मी एक शिवी दिली, ती लिहीत नाही.

खुब्याचं म्हणशील तर काल सहा किलोची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. छत्तीस पायऱ्या. ठणकतंय, पण ठणकू दे. डॉक्टर तुला म्हणालेच आहेत ना, हळूहळू सगळं उचलता येईल म्हणून. दर आठवड्याला अर्धा किलो वाढवते आहे. तुझ्या बापाला सांग, घोडामैदान जवळच आहे.

आत्या

२५ जानेवारी

आत्या,

तू जिंकलीस! टेबलाने मान्य केलं, आम्ही नाही मोजणार, पण तुझे बाण मी वहीत मोजणार. दातवाला म्हणाला, "त्यांना शिक्षाच करून घ्यायची हौस असेल तर आपण कोण अडवणार?"

दलदल जोरदार झाली. आठ बाणांतले सहा लागले, एक सुसर जागीच ठार, दुसरी पळाली. टेलरबाईंची ढालवाली गळ्यापर्यंत चिखलात गेली होती, तिला तुझ्याच दोराने ओढून काढलं. बाण सात परत मिळाले. म्हणजे आता तुझ्याकडे एकोणीस. मस्त ना? खाणीच्या तोंडाशी पोचायला अजून दोन पत्रं लागतील.

पिशवीचं वजन थोडं कमी घे ना. खेळातल्या नाही, जिन्यातल्या. ठणकतंय म्हणालीस म्हणून म्हटलं. अर्धा किलो वाढवायची घाई काय आहे? कठड्याला धरतेस ना?

इकडे दुकानात गर्दी आहे. काल एक आजोबा आपलाच चष्मा डोक्यावर ठेवून नवा करायला आले.

तुझी,
भिंगरी

३१ जानेवारी

भिंगरे,

सात?

आठ बाण सोडले, दलदलीत, आणि सात परत? अगं, बाण मारले होते की पेरले होते, उगवून यायला?

पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तुझा हात चुकला. मग वाटलं नियम विसरलीस. पण नियम तू विसरणार नाहीस. आपण दोघींनी माझ्याच स्वयंपाकघरात बसून तो लिहिला, "पाण्यात गेलेले गेले" हे शब्द तुझेच आहेत. म्हणजे तू मुद्दाम दिलेस. म्हातारीला बरं वाटावं म्हणून. विसातले आठ गेले, उरले बारा, हे मला सांगायची तुला भीती वाटली.

मी आधी हसले. मग भांडी घासता घासता एकदम मनात आलं. जी पोरगी मला सात बाणांचं खरं सांगत नाही, ती बाकीचं खरं सांगते कशावरून?

डिसेंबरमध्ये ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला एकटीला आत बोलावलं होतं. मी बाहेर चाकाच्या खुर्चीत. वीस मिनिटं. बाहेर आलीस ती हसत आलीस, आणि तुझं हसू मी तू दुपट्यात होतीस तेव्हापासून ओळखते. म्हणालीस, "सगळं ठीक, हळूहळू सगळं उचलता येईल." मी विश्वास ठेवला. त्या एका वाक्यावर मी रोज जिन्यात उतरते आहे.

कागद तुझ्याकडे आहे. त्यावर वजनाचा आकडा असणार, असतोच. मला तो आकडा हवा. धीर नको, समजूत नको, आकडा.

चाल तोवर बंद. माझ्या धनुर्धारीकडे बारा बाण आहेत आणि ती दलदलीच्या पलीकडे दगडावर बसून वाट बघते आहे.

आत्या

२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. दोन्हीवर एकच शब्द, 'आकडा', आणि प्रश्नचिन्ह. पोस्टमन दुसरं कार्ड देताना म्हणाला, "ताई, कोण एवढं मागे लागलंय तुमच्या?"

मी चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं. फाडायच्या आत टाकणार आहे.

पाच किलो. आयुष्यभर. डॉक्टर म्हणाले, आत प्लेट बसवली आहे पण हाड ठिसूळ झालंय. हातात पाच किलोपेक्षा जास्त घेऊन जिना चढायचा नाही, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. रिकाम्या हाताने, कठडा धरून, हवं तितकं चढा. पण वजन पाच. ते सहा नाही होणार. कागद सोबत जोडला आहे.

बाबांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते म्हणाले, "तिला आकडा सांगितलास तर ती सहा उचलून दाखवेल. काही बोलू नकोस. चार महिने झगडू दे, जमत नाही हे तिचं तिलाच कळेल, मग हट्ट न करता येईल." तुझी पैज त्यांनी म्हणूनच घेतली. मला ते पटलं नव्हतं, पण मी गप्प बसले. पटलं नाही आणि तरी गप्प बसले, याची मला जास्त लाज वाटते. तू लिहीत होतीस, सहा किलो, दर आठवड्याला अर्धा जास्त, आणि मी इथे बसून "कठडा धर" असलं काहीतरी लिहीत होते. बाणांचंही तेच झालं. वाटलं, जिन्यात तर हरणारच आहे बिचारी, निदान खेळात तरी जिंकू दे.

"बिचारी" लिहून गेले. खोडत नाही.

बाबांनी ३१ तारखेचा टेम्पो ठरवला आहे. दोन हमालांसकट.

मला माफ कर, आत्या.

भिंगरी

१० मार्च

भिंगरे,

माफी मागू नकोस. बाण मोज.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चार दिवस अंथरुणात होते. आठ किलो घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले होते, पूर्ण चौपन्न पायऱ्या. दाराशी पोचले आणि स्वतःलाच शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी उठताच येईना. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते की बाई, आठ महिन्यांपूर्वीची तू कुठे गेलीस. मला वाटलं माझ्यातच खोट आहे, माझीच जिद्द कमी पडते आहे. तुम्ही दोघं बापलेक मला तसं वाटू देत होतात.  दोन दिवस रागाने तुझं पत्र उलटं करून ठेवलं होतं.

आणि तुझा बाप! म्हणे आकडा सांगितला तर ही सहा उचलेल. अरे, एकतीस वर्षं मी कुणाला वीस मिनिटांच्या टाकीवर एकविसाव्या मिनिटाला आत राहू दिलं का? त्याला बहीण कळलीच नाही. मी मोजमापाविरुद्ध कधीच भांडले नाही, मी अंदाजपंचेविरुद्ध भांडते. पाच म्हटलं असतंत तर पाच. मला हद्द माहीत असली की मी त्या हद्दीपर्यंत ताठ मानेने जाते. न सांगता ठेवलंत म्हणून अंधारात धडपडले.

तर आता ऐक. सोमवारी रिक्षा करून मी एकटी डॉक्टरांकडे गेले. कागद समोर ठेवला आणि विचारलं, चढताना पाच, पण खुर्चीत बसून दोर ओढायचा झाला तर? ते म्हणाले, कसला दोर? मी चित्र काढून दाखवलं. त्यांनी हसत हसत लिहून दिलं, बसून, हाताला पाच किलोपर्यंत, चालेल. सही शिक्का घेतला, मी का सोडते!

फायर स्टेशनवरचा माझा जुना सोबती, पंपवाला, शनिवारी आला आणि गॅलरीत दोन कप्प्या बसवून गेला. एक वर लोखंडी आडव्या दांडीला, दुसरी दोरात खाली लोंबती, तिला आकडी. अशी जोडी लावली की दहा किलोचं पोतं ओढताना हाताला पाचच लागतात. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. ओढू की, मला कुठे गाडी पकडायची आहे! दोर सुटला तर आपोआप धरून ठेवणारी कळ आहे, ती ब्रिगेडमध्ये वर अडकलेली माणसं खाली उतरवताना वापरायचे. खाली तो आकडीला सामान अडकवून गेला आणि मी वर बसून साडेनऊ किलो ओढलं. शेजारीण टाळ्या वाजवत होती.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर मी चिठ्ठी लावली आहे. पीठ अडीच-अडीचच्या डब्यात. पाण्याची बादली अर्धीच. इस्त्री, कुकर, पुस्तकांची पिशवी, सगळ्यांवर आकडा. वजनकाटा दाराशीच ठेवलाय. त्यावर पाच दाखवलं की थांबायचं.

आता चाल. बारा बाण घेऊन धनुर्धारी खाणीत उतरते. पण एक अट आहे. हे पत्र, वरच्या रडण्यासकट, तू टेबलावर मोठ्याने वाचायचं. सात बाण कसे उगवले तेही सांगायचं. दहा बाणांचे फासे टाकून सोबतच्या बंद पाकिटात ठेवलेत, ते मगच उघडायचं.

आत्या

१९ मार्च

आत्या,

वाचलं. पहिल्या शब्दापासून.

सात बाणांवर दातवाला खो खो हसला. मग तू भिंतीकडे तोंड करून रडलीस ते आलं आणि तो चष्मा पुसायला लागला. बराच वेळ पुसला. टेलरबाई मला म्हणाल्या, "तुला काय गं अधिकार? अंगाला बसत नसलेला झगा 'छान दिसतो' म्हणून घालायला लावणारी माणसं असतात ना, तशी वागलीस तू." मी मान्य केलं. 

मग दातवालाच म्हणाला, "आपली पण वजनं करू या का एकदा? नुसतं बघायला." केली. त्याच्या जादूगाराच्या पिशवीत एकशे बारा किलो निघाले! दोन ऐरणी, एक शिडी आणि कुठल्याशा राजाचा अर्धा पुतळा. दोन महिने तो हे पाठीवर घेऊन धावत होता. पुतळा कशाला घेतलास विचारलं तर म्हणाला, "सोडायचा कशाला, वजनच नव्हतं." टेलरबाई हसता हसता खोक्यांवर पडल्या. त्याने शेवटी दोर, कंदील आणि पाणी एवढंच ठेवलं. काय ठेवू आणि काय टाकू यावर तासभर वाद घातला आणि जाताना म्हणाला, आजच्याइतकी मजा कधी आली नव्हती. ठराव रद्द.

आता खाण. सगळं खरं लिहिते आहे.

चाळिसातली एकतीस माणसं बाहेर निघाली. नऊ अजून आत आहेत, त्यात म्हातारी माणसं आहेत, त्यांना हळू न्यावं लागतंय. अरुंद बोगद्यात, गुडघाभर पाण्यात, एक खवल्यांचं जनावर पुढे येतंय आणि वाटेत एकटी तुझी धनुर्धारी उभी आहे. तुझ्या दहा फाशांनी दहा बाण गेले, पाण्यात, एकही परत नाही. उरले दोन. जनावर जखमी आहे पण मेलेलं नाही. लागायला चौदा किंवा वर हवा. मी वहीकडे बघत बसले होते आणि एका क्षणी वाटलं, दोनाचे चार करावे. नाही केले.

बाबांना तुझ्या कप्प्यांचं सांगितलं. म्हणाले, "कागदावर आकडे छान दिसतात. जिन्यात दिसू देत." टेम्पो त्यांनी रद्द केलेला नाही.

भिंगरी

१ एप्रिल

भिंगरे,

आधी बाण. पहिला, सात. चुकला. दुसरा, अकरा. चुकला. वाडग्यात दोन्हीदा मीच बघितलं, दुसरं कुणी नव्हतं, अकराचा चौदा मला सहज लिहिता आला असता. भाता रिकामा आहे. नऊ माणसं बाहेर पडेपर्यंत ती हलणार नाही. धनुष्य उलटं धरून काठीसारखं मारत राहील. मेली तर "मेली" असं स्वच्छ लिही. दोन ओळींत.

आता काल.

तुझा बाप दहा वाजता टेम्पो घेऊन आला. दोन हमाल, रिकामी खोकी, सुतळीचे गुंडे. वर न येता खालूनच हाक मारली, "चल, आवरायला घेऊ." मी खाली उतरले, कठडा धरून, सावकाश. तो म्हणाला, "पैज आठवते ना? सामानासकट." आणि टेम्पोतून दहा किलोचं पिठाचं पोतं काढून पहिल्या पायरीवर ठेवलं. "हे घेऊन चढ."

मी म्हटलं, "दादा, मला पाचच उचलायची परवानगी आहे. तुला डिसेंबरपासून माहीत आहे. तरी तू माझ्यासमोर दहा ठेवतोस?"

तो गोरामोरा झाला. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. मी कुणाला हात लावू दिला नाही. पोतं पायाने ढकलत गॅलरीखाली नेलं, आकडी लावली. पर्समधून हातकाटा काढून माझी भाजीची पिशवी त्याला दाखवली, चार किलो आठशे. ती घेतली आणि चढायला लागले. पहिल्या मजल्यावर थांबले, मीटरच्या पेट्यांपाशी. दुसऱ्यावर थांबले. तो माझ्या मागे मागे, रिकाम्या हातांनी, आणि त्यालाच धाप! तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, खुर्चीत बसले आणि दोर ओढला. हात दुखेपर्यंत ओढला, मध्ये कळ लावून दोनदा पाणी प्यायले. पोतं गॅलरीच्या कठड्यावरून आत आलं तेव्हा खालून मोठा हमाल ओरडला, "बाई, आम्हाला असं कुणी विचारत नाही हो, किती उचलता म्हणून!"

दादा जमिनीवरच बसला होता. बराच वेळ चिठ्ठ्या वाचत होता, कुकरवरची, बादलीवरची. मग एकदम म्हणाला, "पुन्हा पडलीस तर? इथे एकटी? तुला भीती नाही वाटत?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "वाटते. रोज पहिल्या पायरीवर वाटते. तुला काय वाटलं, मला हौस आहे चिठ्ठ्या लावायची? भीती वाटते म्हणूनच मोजते, दादा. पण तुझ्या मागच्या खोलीत मला काहीच उचलायला मिळणार नाही. तिथे मी शून्य किलोची होऊन बसेन."

त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. आमची आई गेली तेव्हासुद्धा तो माझ्यासमोर रडला नव्हता. म्हणाला, "मला वाटलं तुला सांगितलं तर तू मोडून पडशील." मी म्हटलं, "न सांगितल्याने पडले. चार दिवस." मग मी चहा केला आणि चौघांना दिला. हमाल वर येऊनच प्यायले.

जाताना दादाने विचारलं, पोतं खाली उतरवू का, त्याच्या घरचं होतं म्हणे. मी म्हटलं, राहू दे, ओढलंय मी ते.

टेम्पो रिकामाच परत गेला.

आत्या,
तिसरा मजला